एकट्याचा डाव

गेल्या जूनमध्ये चिरंजीव पुण्यास वसतिगृहात राहावयास गेला. पत्नीची रुग्णालयातील पाळी बहुधा रात्रीची. तेव्हा कोन येथील आमच्या घरी संध्याकाळी मी आणि खालच्या रस्त्यावरील मालमोटारींचा आवाज, एवढेच उरलो. जाताना मुलाने कपाटावर एक पेटी ठेवली होती. 'हिरोक्वेस्ट' हा तो पटावरचा खेळ. स्टीफन बेकर यांनी रचलेला हा खेळ प्रथम १९८९ साली निघाला व २०२१ मध्ये पुन्हा बाजारात आला.

योद्धा, ठेंगू, एल्फ व मांत्रिक असे चार वीर भुयारात शिरतात. पाचवा गडी दुष्ट झारगॉन होऊन राक्षस चालवितो. पाचांचे काम एकट्याने करू जाता एका मोहिमेस तीन तास लागत. झारगॉनचे काम करणारी सोय भ्रमणध्वनीवर आहे खरी. परंतु दिवसभर ज्या यंत्राने पिच्छा पुरविला, त्यालाच संध्याकाळी खेळावयास कोण बोलावील?

म्हणून मी डाव सुटसुटीत केला. योद्धा व मांत्रिक दोघेच न्यावयाचे आणि राक्षसही निम्मेच मांडावयाचे. योद्ध्याचे शरीरबळ आठ, मांत्रिकाचे चार. वहीत खाडाखोड करण्यापेक्षा तितके चिंचोके पुढ्यात ठेवावे. राक्षस दिसत नसता घरे मोजीत बसू नये, थेट पुढचे दार गाठावे. राक्षसाने जवळच्यावर चालून जावे. अंतर सारखे असेल तर ज्याचे चिंचोके कमी त्याच्यावर. यायोगे माझे श्रम वाचले, आणि पक्षपातही टळला. मोहिमेचा नकाशा वास्तविक झारगॉननेच पाहावयाचा. त्यावर मी जुन्या वहीचा पुठ्ठा ठेवतो. पुठ्ठ्यास खोलीएवढी खिडकी पाडली आहे. दार उघडेल तशी ती सरकवावी, म्हणजे पुढचे भुयार मलाही अज्ञात राहते. आता सव्वा तासात मोहीम आटोपते.

फाशांचा प्रश्न मात्र कोणत्याही पुठ्ठ्याने सुटेना. लढाईच्या फाशाच्या सहा बाजूंपैकी तिहींवर कवटी, दोहोंवर पांढरी ढाल व एकीवर काळी. कवटी म्हणजे घाव. वीर पांढऱ्या ढालीने वाचतो, राक्षस काळ्या. पारडे वीरांकडे झुकलेले असूनही एके रात्री मांत्रिकापाशी एकच चिंचोका उरला आणि ऑर्क त्याच्यावर आला. दोन कवट्या पडल्या. मांत्रिकाचे दोन फासे मी टाकले. एकही पांढरी ढाल नाही. पाहणारे कोणी नव्हते. "फासा पुस्तकास लागून उलटला," असे मी मोठ्याने म्हणालो, कोणास ते ठाऊक नाही, आणि पुन्हा टाकले. दोन ढाली पडल्या. मोहीम जिंकली, परंतु पेटी आवरताना हात जड झाले होते.

रविवारी मुलाचा फोन आला. "पप्पा, कुठवर आलात? माझा मांत्रिक आहे ना?"

मी क्षणभर थांबलो. "मेला रे. ऑर्कने मारला."

"मग नवा घ्या ना! नियमात आहे ते."

फोन ठेवून मी पेटी उघडली आणि त्याचा उरलेला चिंचोका डबीत टाकला.