पिठाला मर्यादा, मग क्रीमला का नाही?



पिठाची मर्यादा आपल्याला कोणी शिकवावी लागत नाही. पावसाळ्यात 3 दिवस, उन्हाळ्यात 5, हिवाळ्यात 7. पीठ दिसायला कितीही चांगलं असलं तरी दिवस भरले की आपण ते स्वयंपाकाला घेत नाही. पण त्याच घरात कपाटातल्या क्रीमच्या डब्याला मात्र कोणी तारीख विचारत नाही.

परवा आमच्या सूनबाईनं केस सरळ करायच्या क्रीमचा अर्धा डबा काढला. तिच्या भावाचं लग्न जवळ आलंय. म्हणाली, "आई, गेल्या वर्षी फोडला होता. अजून चालेल का हो? एवढा महागाचा, टाकवत नाही." प्रश्न साधा आहे, पण डोक्याच्या कातडीशी संबंध आहे, म्हणून नीट लिहिते.

आधी आपल्या डब्यात काय आहे ते वाचायचं. काही क्रीममध्ये सोडियम हायड्रॉक्साइड असतं, म्हणजे कॉस्टिक सोडाच. काहींत कॅल्शियम हायड्रॉक्साइडचं क्रीम आणि ग्वानिडीन कार्बोनेटचं द्रावण वेगवेगळं येतं, ते लावायच्या वेळी एकत्र करायचं. आणि आपल्याकडच्या पार्लरमध्ये बऱ्याचदा थायोग्लायकोलेटचं क्रीम असतं, सोबत न्यूट्रलायझर. हायड्रॉक्साइडचं आणि थायोग्लायकोलेटचं क्रीम एकाच केसांवर कधीही लावू नये, केस तुटून हातात येतात.

दोन भाग एकदा कालवले की ते लगेच वापरायचं. उरलेलं ठेवायचं नाही, डब्यात परत घालायचं तर नाहीच. न कालवलेल्या डब्यावर उघड्या झाकणाच्या डबीचं छोटं चित्र असतं, त्यात 6 एम किंवा 12 एम असं लिहिलेलं असतं. फोडल्यापासून तितके महिने, असा त्याचा अर्थ. शिवाय छापलेली शेवटची तारीख असतेच. दोन्हींतलं जे आधी येईल ते खरं. फोडल्याची तारीख आठवतच नसेल, तर तो डबा वापरायचा नाही.

असं का? कॉस्टिक सोडा हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषतो आणि त्याचा जोर कमी होतो. थायोग्लायकोलेट हवेतल्या ऑक्सिजननं हळूहळू बिघडतं. मग आपण म्हणतो, जोर कमी झालाय ना, जरा जास्त वेळ ठेवू, नाहीतर दोनदा लावू. धोका इथेच आहे. जुनं क्रीम फुटून तेल-पाणी वेगळं झालेलं असतं, त्यामुळे एकीकडे पुळचट आणि एकीकडे तेज लागतं. टाळू भाजते, केस मुळाशी तुटतात. डब्याचे वाचवलेले पैसे त्वचेच्या डॉक्टरांकडे जातात.

वरती पाणी सुटलेलं, रंग बदललेला, गुठळ्या, पहिल्यापेक्षा वेगळा वास, यातलं एक जरी दिसलं तरी तारखेच्या आतला डबासुद्धा बाद.

सूनबाईच्या डब्यावर 12 एम होतं, फोडून 14 महिने झाले होते आणि वरती पाणीही सुटलं होतं. तो बाजूला काढला. लग्नाला नवा छोटा डबा आणायचा की छान वेणी घालून गजरा माळायचा, ते तिचं ती ठरवेल.

नवा आणलात तर फोडल्या दिवशीच झाकणावर तारीख लिहा. कोरड्या प्लास्टिकच्या चमच्यानं लागेल तेवढंच काढा, ओला हात घालू नका, ॲल्युमिनियमची वाटी घेऊ नका. कडेचं क्रीम पुसून झाकण घट्ट लावा. न्हाणीघरात ओल आणि वाफ असते, तिथे नको. फ्रिजमध्येही नको, तिथे आपलं अन्न असतं. अंधाऱ्या, गार, कोरड्या कपाटात, मुलांचा हात पोचणार नाही असं ठेवा.

आणि टाकताना? मोरीत ओतू नका, अंगणात तर मुळीच नाही. त्या क्षारानं मातीतले किती जीव जातील! झाकण घट्ट लावून, कागदात गुंडाळून, घंटागाडीवाल्यांना सांगून वेगळा द्या. वस्तू उचलताना-ठेवताना आणि टाकताना जीव सांभाळणं, या समिती मुनी-आर्यिकांच्या असल्या तरी श्राविकेला जमेल तेवढ्या पाळायला कोणाची ना आहे?

काही जणी म्हणतील, केशलोच करणाऱ्या आर्यिकांना वंदन करणाऱ्या आपण, आणि हे काय विषय काढतेस? पण आपण संसारात आहोत, मुली-सुना हे वापरणारच. भोगोपभोग परिमाण व्रत आपल्याला वापरूच नका असं सांगत नाही, माप ठरवा असं सांगतं. लागेल तेवढा लहान डबा घेतला, तर साठवणीचा आणि टाकण्याचा अर्धा प्रश्न दुकानातच सुटतो.