सहा वर्षांनंतरची पुडी

1995 च्या जुलैमध्ये मी कामाला होतो त्या दुकानाच्या गल्ल्यात चौदाशे रुपये कमी भरले. पैसे मी घेतले नव्हते. पण मी गर्दच्या व्यसनातून सुटून आलोय हे मालकाला माहीत होतं. दोन दिवस दुकानात माझ्याशी कुणी धड बोललं नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बस लालबागला थांबली, तरी मी उतरलो नाही. जांभयांवर जांभया येत होत्या, नाकातून पाणी गळत होतं, नडग्या ठणकत होत्या. मला वाटलं, ताप येतोय. दोन थांबे पुढे उतरलो आणि सहा वर्षांत जिकडे फिरकलो नव्हतो त्या गल्लीत शिरलो.

त्या एका पुडीबद्दल मला लिहायचं आहे. गर्दुल्ला मजा आठवते म्हणून परत पितो, असं लोक धरून चालतात. त्या संध्याकाळी मला मजा नको होती. पोटातली कालवाकालव तेवढी थांबायला हवी होती.

तशी पहिली पुडीही मजेसाठी नव्हती. बाबा गिरणीत साचेखात्यात होते. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी सतरा वर्षांचा होतो. अडीच लाख कामगार बाहेर पडले. सुरुवातीचे काही महिने चाळीत उत्साह होता, सभा होत्या. मग एकेक बिऱ्हाड गावाला गेलं. बाबा पहिल्या पाळीच्या वेळेला उठून गॅलरीत बसायचे आणि भोंगा होत नाही हे ऐकत राहायचे. रात्री आमच्या खोलीत पाच माणसं जागी असायची आणि प्रत्येक जण झोपल्याचं दाखवायचा. मी कॉलेज सोडून दादरच्या भाजीबाजारात ओझी उचलायला लागलो. छातीत सतत काहीतरी आवळलेलं असायचं. त्याला ताण म्हणतात हे तेव्हा माहीत नव्हतं.

मुंबईत त्या काळात ब्राऊन शुगर, म्हणजेच गर्द, नवीन होती. 1984 साली मित्राने पन्नीवरचा धूर ओढायला दिला. आधी ओकलो. मग दोन वर्षांत पहिल्यांदा छाती मोकळी झाली. ती रात्र मी गाढ झोपलो. आमच्या मजल्यावरच्या बऱ्याच पोरांनी ती चव घेतली होती, पण सगळी अडकली नाहीत. मी अडकलो. वर्षभरात सुख संपलं, उरलं ते फक्त उभं राहण्यापुरतं ओढणं. संपात आईने घरातलं बरंच काही विकलं होतं, गावाहून आणलेली पितळेची कळशी तेवढी जपली होती. ती मी विकली.

गर्दवरचे अनिल अवचटांचे लेख तेव्हा लोक वाचत होते, 1986 साली पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं होतं. व्यसन हा आजार आहे, ही भाषा हळूहळू आमच्या चाळीपर्यंत पोहोचली. 1989 मध्ये मामाने मला पुण्याच्या एका केंद्रात नेलं. टर्कीचे, म्हणजे गर्द बंद केल्यावरच्या तडफडीचे, ते दिवस मी विसरलेलो नाही. हाडं कुणीतरी आतून पिळतंय असं वाटायचं, अंगावर काटा राहायचा, पाय आपोआप झाडले जायचे, झोपेचा पत्ता नाही. तिथे एक रक्तदाबाची गोळी द्यायचे. मला रक्तदाब नाही, मग ही गोळी का, हे विचारायचंही त्राण नव्हतं.

त्याचं उत्तर मिळालं ते सहा वर्षांनी. त्या पुडीच्या दुसऱ्याच दिवशी बायको मला पुन्हा पुण्याला घेऊन गेली. डॉक्टर रागावतील या भीतीने मी मान वर करत नव्हतो. ते रागावले नाहीत. वही ओढून त्यांनी मेंदूचं चित्र काढलं.

त्यांनी सांगितलं ते असं. वेदना आणि भीती आवरायला मेंदू स्वतःच अफूसारखी रसायनं बनवतो. त्यांना एंडॉर्फिन म्हणतात. गर्दही मूळ अफूचंच. ते मेंदूतल्या एंडॉर्फिनच्याच जागांवर जाऊन बसतं, पण जोर कितीतरी पट. त्याने डोपामीन उसळतं, आणि डोपामीन मेंदूला बजावतं की हे महत्त्वाचं आहे, लक्षात ठेव, पुन्हा कर. शिवाय मेंदूच्या देठात एक लहानसा ठिपका आहे. तिथून नॉरॲड्रेनलीन सुटतं, ते माणसाला सावध ठेवतं, दचकवतं. गर्द त्या ठिपक्याला दाबून ठेवतं. रोज दाबलं की तोही रोज उलटा जोर लावायला शिकतो. मग एक दिवस गर्द मिळालं नाही की तो सगळा जोर एकदम मोकळा सुटतो. बरीचशी टर्की म्हणजे हाच सुटलेला जोर. रक्तदाबाची ती गोळी याच ठिपक्याला शांत करते.

मग त्यांनी ताणाकडे बोट नेलं. अपमान असो, भूक असो, भीती असो, मेंदू सीआरएफ नावाचं रसायन सोडतो. त्याच्या हुकमाने पुढे मूत्रपिंडांवरच्या ग्रंथींमधून कॉर्टिसॉल सुटतं. हे सगळ्यांच्या शरीरात होतं. पण ज्याने वर्षानुवर्षं गर्द ओढलं, त्याची ही यंत्रणा हळवी होऊन बसते. जराशा धक्क्याने पेटते आणि लवकर विझत नाही. टर्कीतही हीच यंत्रणा पेटलेली असते. म्हणून चोरीचा आळ आला तेव्हा माझ्या शरीराने जुनीच खूण ओळखली, आणि त्या खुणेवरचा त्याला पाठ असलेला इलाज एकच होता. बसमधल्या जांभया मला तिथे, त्या खुर्चीवर कळल्या.

त्याच 1995 साली कॅनडात, मॉन्ट्रियलमध्ये झालेला एक प्रयोग मी पुष्कळ नंतर वाचला. उंदरांना कळ दाबून गर्दमधलंच हेरॉइन घ्यायला शिकवलं होतं. मग हेरॉइन बंद केलं. कळ दाबून काही मिळत नाही हे कळल्यावर त्यांनी ती दाबणं सोडून दिलं. पुढे त्यांच्या पायांना विजेचे हलके झटके दिले, आणि ते परत कळीकडे गेले, कळ दाबत राहिले. हेरॉइन मिळत नव्हतं, तरीही. वाचताना मला रडू आलं. इतकी वर्षं मी स्वतःला नालायक म्हणत होतो.

पण डॉक्टरांनी मला एवढ्यावर सोडलं नाही. ते म्हणाले, "पाय वळले ते तिसऱ्या दिवशी. आधीचे दोन दिवस तुझ्याकडे होते. तू कुणाला सांगितलंस?" मी कुणालाच सांगितलं नव्हतं. बायकोला काळजी नको म्हणून गप्प राहिलो, दुपारचा डबा तसाच परत आणला, रात्री जागा राहिलो. माझी चूक म्हणाल तर ती हीच, आणि तिचा दोष मी कुठल्याही रसायनावर ढकलत नाही.

गल्ल्यातले पैसे हिशेबाच्या चुकीत सापडले. तोवर मी पुण्यात होतो. ती नोकरी मी परत धरली नाही.

ती पुडी ओढली त्या रात्री मी घरी गेलो तेव्हा बाबा भिंतीकडे तोंड करून बसले होते. शेजारची माणसं दारात जमली होती, मुलगी झोपली होती. बायकोने दार लोटून घेतलं. खिसे चाचपले नाहीत. भात-आमटी वाढली, मी चार घास खाल्ल्यावर विचारलं, "दुकानात काय झालंय?" तीन दिवसांत मला हा प्रश्न विचारणारी ती पहिलीच. मी सगळं सांगितलं. पुण्याला जायचं आम्ही त्याच रात्री ठरवलं.

पुढे बाबा गेले, मुलीचं आजारपण झालं, दोन नोकऱ्या सुटल्या. प्रत्येक वेळी जांभया आल्या, नडग्या ठणकल्या. आता मी घरात शिरल्याबरोबर सांगतो, "आज बरं वाटत नाहीये." जेवतो, व्यसनातून बाहेर आलेल्यांच्या गटाच्या मीटिंगला जातो, तिथे बोलतो, झोपतो. सकाळपर्यंत ती लाट ओसरलेली असते. 1995 नंतर पुडीला हात लावलेला नाही.

तुमच्या घरात व्यसनातून बाहेर आलेलं कुणी असेल आणि एखाद्या संध्याकाळी ते अस्वस्थ येरझारा घालताना दिसलं, तर खिसे तपासण्याआधी त्याला जेवायला वाढा आणि काय झालंय ते विचारा.