विरजणाशिवाय

डबा तिरका केला, काही पडलं नाही. आडवा केला, तरी नाही. मेचा शेवटचा आठवडा. मोखाड्याच्या घराच्या पडवीला शिडी लावलेली, फायबरच्या पत्र्याला हातभर चीर, काचेची मॅट मापाने कापून ठेवलेली, आणि किलोभर पॉलिएस्टर रेझिन डब्यातच बसून राहिलेलं. पाड्यावरून मदतीला आलेल्या पोराने त्यात काडी खुपसली. ती उभीच राहिली. म्हणाला, "काका, याचं त दही लागलंय."

यापेक्षा नेमकं मला सांगता आलं नसतं. किलोभर रेझिनला 10 ते 20 ग्रॅम हार्डनर, विरजणच ते. जास्त पडलं तर तापून तडकतं, कमी पडलं तर दिवसचे दिवस हाताला चिकटतं. पण माझ्या डब्यात विरजण कुणी घातलंच नव्हतं. हार्डनरची बाटली न उघडलेली, शेजारी तशीच.

दूध नासतं, डाळीला भुंगे लागतात. रेझिन असं बिघडत नाही. ज्या कामासाठी आणलं तेच काम ते उरकून टाकतं, पण पत्र्यावर नव्हे, डब्यात. झाकण उघडताच नाकात चढतो तो गोडसर वास स्टायरीनचा. त्याचे आणि पॉलिएस्टरचे रेणू एकमेकांत गुंतायला टपलेलेच असतात. म्हणून कारखान्यातच हायड्रोक्विनोनसारखं द्रव्य चिमूटभर घालतात, राखणीला. हा राखणदार रोज थोडा झिजतो, उन्हाळ्यात भराभर. 25 अंशांच्या आत, सावलीत, सहाएक महिने निभतात. ढोबळ हिशेब असा की पारा दहा अंश चढला की आयुष्य निम्मं. आणि मी डबा ठेवला होता पत्र्याखालच्या माळ्यावर, दोन उन्हाळे. आमचा भाग डोंगरावरचा, हवा गार, असं आम्ही पाहुण्यांना सांगतो. त्यांना मेच्या दुपारी माळ्यावर चढवत नाही एवढंच.

हार्डनरचं म्हातारपण वेगळं. तो घट्ट होत नाही, त्याचा जोर ओसरतो. इपॉक्सी रेझिन त्या मानाने दमदार, वर्षभर किंवा जास्तही टिकतं. थंडीत मधासारखं साखरलं तर डबा गरम पाण्यात ठेवावा, पुन्हा पातळ होतं. लागलेलं पॉलिएस्टर मात्र कशानेही माघारी येत नाही. मी उन्हात ठेवून पाहिलं. त्याने ते आणखी कडक झालं, आणि माझं अज्ञान पोरासमोर उघडं पडलं.

जव्हारजवळच्या रामखिंडीत बोहाडा या सोंगांच्या उत्सवाचे मुखवटे कागदाच्या लगद्याचे करतात. देवांची आणि राक्षसांची ही सोंगं रात्रभर नाचतात; घाम, धूळ, धक्के सगळं सोसतात. मुखवटा तडकला की कागद आणि खळ लावायची, वाळवायचा, वरून रंग. पण खळ कुणी माळ्यावर साठवत नाही. लागेल तेवढी शिजवायची, उरली तर टाकून द्यायची. जव्हारच्या बाजारात धावड्याचा डिंक मिळतो, तो वर्षानुवर्षं राहतो, पण तो आधीच कडक होऊन बसलेला. पाण्यात भिजवला की कामाला तयार. वाट पाहायला लावावी तर अशा वस्तूला. रेझिनला वाट पाहायला लावायची म्हणजे त्याच्या स्वभावाशीच भांडण, आणि ते मी हरलो होतो.

दुसऱ्या दिवशी नवा डबा आणला, अर्ध्या किलोचा. या वेळी भाव विचारण्याआधी बनवल्याची तारीख वाचली. जुन्या हार्डनरवर भरवसा नव्हता, तोही नवा घेतला. आधी वाटीभर कालवून पाहिलं. लागलं, मग शिडी चढलो. उरलेल्या डब्यावर खिळ्याने तारीख कोरून तो माजघरात, माठाच्या बाजूला ठेवला आहे.

तुमच्या माळ्यावर असा डबा असेल, तर मॅट कापायच्या आधी तो एकदा तिरका करून बघा.