कालव्यावरचा एक दिवस

कर्वेनगरात राहणाऱ्याला कॅनॉल म्हटले की पाणी आठवत नाही, रिक्षा आठवते. आमचा कॅनॉल रोड सर्वांना ठाऊक. त्याच्या नावातला कॅनॉल मात्र नाहीसा झाला. १८७९ साली खडकवासल्याचे धरण पुरे झाले आणि त्याच्या डाव्या कालव्याचे पाणी आमच्या बाजूने खडकीकडे जाऊ लागले. आता त्या वाटेने फक्त वाहने वाहतात.

म्हणून गेल्या उन्हाळ्यात मी लेस्टरला धाकट्या भावाकडे गेले असता तो म्हणाला, "ताई, एक दिवस कालव्यातून बोटीने हिंडू," तेव्हा मला हसूच आले. कालवा उसाला पाणी देण्यासाठी. त्यात बोट कशाला?

पण तिकडचा कालवा शेतीसाठी नव्हेच. रेल्वे येण्यापूर्वी कोळसा आणि इतर माल वाहण्यासाठी तो खोदला. घोडा काठाने चालायचा आणि दोराने बोट ओढायचा. जुन्या पुलांच्या कडांवर त्या दोरांच्या खाचा अजून दिसतात. पाणी जवळजवळ निश्चल. प्रवाहाच्या दिशेने व उलट जाणाऱ्या नावांची गणिते मी मुलांना वर्षानुवर्षे घातली. येथे प्रवाहच नाही म्हटल्यावर माझे अर्धे अंकगणित बुडाले!

मार्केट हारबरोच्या धक्क्यावर बोट भाड्याने मिळाली. रुंदी जेमतेम सात फूट, लांबी मात्र चाळीच्या गॅलरीसारखी. वेगाची मर्यादा ताशी चार मैल. कुत्रा घेऊन काठाने निघालेले एक आजोबा काही वेळ आमच्या बरोबरीने चालले आणि मग पुढे निघून गेले. भावजयीने थालीपिठांचा डबा उघडला. भाचा बदकांना तुकडे टाकू लागला. दोन्ही बाजूंना मेंढ्यांची कुरणे.

साडेपाच मैलांवर फॉक्सटन. तेथे १८१४ साली खुली झालेली दहा लॉकांची चढण आहे. पाच-पाच हौद एकाला एक जोडलेले. आम्ही बोट खाली बांधून पाहायला गेलो. बोट हौदात शिरते, मागचे दार लागते, झडपा उघडतात, वरचे पाणी खाली उतरते आणि एवढे थोरले धूड अलगद वर येते. यंत्र नाही, दारे माणसांनी पाठ लावून लोटायची. असे करीत बोट पंचाहत्तर फूट चढते. मी तासभर तेथून हलले नाही.

परतताना सुकाणू माझ्या हाती आले. मोठे उलट्या स्वभावाचे! दांडा डावीकडे लोटला की बोटीचे नाक उजवीकडे. दोनदा मी काठावर आपटले.

येथे एक सांगितले पाहिजे. महर्षी कर्व्यांनी १९०० साली बायकांसाठी आपला आश्रम हिंगण्यास आणला. त्यांच्याच नावाच्या वस्तीत वाढलेली मी मॅट्रिकवर थांबले. वडील अचानक गेले. घरात एकाच्याच शिक्षणापुरते पैसे होते. मी शाळेत नोकरी धरली, भाऊ इंजिनियर झाला. त्याविषयी आमच्यात कधी शब्द निघाला नव्हता.

"ताई, तुझा कॉलेजचा फॉर्म माझ्याकडे आहे."

"कसला फॉर्म?" मी विचारले. मला ठाऊक होते.

"बाबा गेले त्या वर्षीचा. भरलेला, सहीसकट. ट्रंकेत सापडला. इकडे येताना घेऊन आलो."

या प्रसंगाची भाषणे मी कितीदा मनात जुळवली होती. एक तर कादंबरीत दुसरीच्या तोंडी घातलेही होते. त्यातले एक अक्षर आठवेना.

"फाडून का नाही टाकलास?"

"नाही जमलं."

समोर विटांचा पूल आला. लांबून त्याची कमान बोटीहूनही अरुंद भासते. "कुठे लोटू रे?" मी घाबरून विचारले. त्याने दांड्यावर माझ्या हाताशेजारी हात ठेवला.

"थोडं डावीकडे. बास."

कमानीखाली दोघेही वाकलो. बोट कोठेही न घासता बाहेर आली. पलीकडे तेच आजोबा बाकावर बसले होते. त्यांनी टोपी उंचावली, आणि कुत्रा मात्र आमच्यावर भुंकला.