ग्वांगझूतील एक दुपार

लेकीने आग्रहाने काढून दिलेल्या क्रूझच्या तिकिटामुळे आम्ही सपत्नीक दक्षिण चीनमधील ग्वांगझू महानगरी पोहोचलो. नान्शा बंदरापासून जुने शहर मेट्रोनेही बरेच दूर आणि जहाज संध्याकाळी सुटणार. सहप्रवासी बाजारपेठांकडे वळले. आम्ही शिमेनकौ स्थानकावर उतरून पायी निघालो.

इतिहासाच्या विद्यार्थ्यास हे शहर परके नाही. उज्जैनचे परमार्थ इ. स. ५४६ मध्ये समुद्रमार्गे याच किनाऱ्यास लागले आणि पुढे याच नगरीत त्यांनी वसुबंधूंचा ‘अभिधर्मकोश’ चिनी भाषेत आणला. वडांच्या सावलीतील रस्ता तुडवीत आम्ही ग्वांगशिआओ विहारात शिरलो. तेथे बोधिवृक्षाजवळ एक लहानसा अष्टकोनी स्तूप आहे. झेन परंपरेचे सहावे आचार्य हुइनेंग यांचे इ. स. ६७६ मध्ये येथे मुंडन झाले व ते केस या स्तूपाखाली पुरले, असे परंपरा सांगते.

हुइनेंग पोरवयात पितृछत्रास मुकले. सरपण विकून त्यांनी आईस पोसले, अक्षरओळख नव्हती. धम्म शिकावयास गेले तेव्हा दक्षिणेकडील रानटी म्हणून त्यांची संभावना झाली आणि त्यांना भात कांडण्याच्या कामास लावले गेले. आठ महिन्यांनी गुरूंनी त्यांनाच आपला वारस नेमले.

स्तूपापुढे उभे असताना आम्हास एक मुलगा आठवला. पंचवीस वर्षांपूर्वी तो वीटभट्टीवरून आपल्या वसतिगृहात आला होता. आम्ही त्याचे वर्गशिक्षक. सहावीत असूनही त्यास वाचता येत नसे. बाबासाहेबांचे नाव घेऊन आम्ही रोज शिक्षणाची थोरवी सांगत होतो आणि त्यास मात्र वर्गातून उठवून स्वयंपाकघरात तांदूळ निवडावयास धाडीत होतो. त्याने कधी कुरकुर केली नाही. दिवाळीच्या सुटीत गेला, तो परतला नाही. हजेरीपटावर त्याच्या नावावर आम्ही लाल रेघ ओढली आणि विसरलो.

हुइनेंग यांचे गुरू कांडणघरापर्यंत चालत गेले होते. आमचा वर्ग आणि स्वयंपाकघर यांत अवघी चाळीस पावले होती.

पत्नीने घड्याळ दाखविले. आम्ही वंदन करून परतलो.

या स्मरणिकेच्या वाचकांपैकी कोणास तो ठाऊक असल्यास हा लेख त्यास वाचून दाखवावा. आमच्या निवृत्तीस अजून चार वर्षे आहेत. सायंकाळच्या अभ्यासिकेत त्याची जागा राखून ठेविली आहे. यावेळी आम्ही त्याच्याशेजारी बसू.