आजार लपवण्याचे ते पाच महिने

गेल्या वर्षी पर्युषणात सौ.चा अठाई करण्याचा भाव होता. तिसऱ्या दिवशीच पारणे करावे लागले. खोकल्यामुळे ती रात्र रात्र उशीला टेकून बसून काढत असे. खोकला होळीपासूनचा होता. क्षय समजून चार महिने औषधे चालली होती. फुप्फुसाचा कर्करोग आणि क्षय यांची आरंभीची लक्षणे इतकी सारखी असतात की आपल्याकडे अशी गफलत पुष्कळांच्या बाबतीत होते. त्याबद्दल आता कोणाला दोष देत नाही. एवढे मात्र सांगतो, की औषध चालू असूनही काही आठवड्यांत खोकला हटत नसेल, तर सीटी स्कॅनचा आग्रह आपण होऊन धरावा. आम्ही धरला नाही.

नागपूरला फुप्फुसाभोवती साचलेले पाणी काढले, सुईने तुकडा घेऊन तपासला आणि नवरात्राच्या तोंडावर निदान हाती आले. कर्करोग, चौथी अवस्था. डॉक्टरांनी विचारले, "घरात कोणी धूम्रपान करते?" आमच्या घरी सुपारीचे खांडसुद्धा कोणी तोंडात टाकत नाही. कधीही न ओढणाऱ्यांना हा रोग होतो, त्यांत स्त्रियांचे प्रमाण अधिक असते, आणि चुलीचा धूर, दुसऱ्याच्या विडीचा धूर, दूषित हवा अशी कारणे त्यामागे असू शकतात, कित्येकदा एकही सापडत नाही, हे मला त्या दिवशी कळले.

परतताना कळंब येईपर्यंत गाडीत कोणी बोलले नाही. कळंबजवळ मीच म्हणालो, "सध्या हे घराबाहेर जायला नको." सौ.ने फक्त मान हलवली.

माझ्यापाशी कारणे होती. धाकट्या मुलीच्या सोयरिकीची बोलणी जालन्याला चालू होती. कापसाचा हंगाम तोंडावर होता. आमची अडतीची पेढी. व्यवहार शब्दावर चालतो. घरात मोठे दुखणे आले की देणेकरी सुस्तावतात आणि घेणेकरी लवकर येतात, हे मी वडिलांच्या वेळी पाहिले होते. म्हणून नागपूरच्या फेऱ्या 'मालाच्या' झाल्या आणि खोकला 'धुळीचा'.

या काळात एक गोष्ट बरी घडली. तुकड्याच्या पुढील तपासणीत ईजीएफआर नावाच्या जनुकात बदल आढळला. न ओढणाऱ्या आशियाई रुग्णांत तो बराच आढळतो आणि त्यावर रोज घ्यायची गोळी आहे. गोळी रोग उपटून काढत नाही, दाबून ठेवते. कधी ना कधी रोग तिच्यातूनही वाट काढतो. गोळी सुरू झाल्यावर तीन आठवड्यांत खोकला निम्म्यावर आला, मात्र चेहऱ्यावर पुरळ उठले आणि नखांच्या कडा सुजल्या. मी पुरळालाही 'उष्णता' असे नाव देऊन टाकले.

मुलाच्या आग्रहावरून दुसरे मत घेण्यासाठी डिसेंबरात धामणगावहून गाडी धरून मुंबईला गेलो. परळचे टाटा रुग्णालय १९४१ पासून चालू आहे आणि देशभरचे लोक तिथे येतात. घाटकोपरला आतेभावाकडे उतरलो, त्यालाही हृदयाची तपासणी असल्याचे सांगितले. रांगेत शेजारी घाटंजी तालुक्यातील एक कास्तकार बसला होता. त्याच्याही पत्नीचा हाच आजार. ती दोघे दादरला गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत उतरली होती. गावाने वर्गणी काढून पाठवले होते, म्हशीची धार शेजारी काढत होता. हे सारे त्याने पाच मिनिटांत, शंभर माणसांसमोर सांगितले. मी हळूच म्हणालो, आम्ही अजून कोणाला सांगितलेले नाही. तो नवलाने माझ्याकडे पाहत राहिला.

"मंग शेठ, घरी सैपाक कोन करते?"

माझ्यापाशी उत्तर नव्हते. स्वयंपाक सौ. करीत होती. बाई ठेवली तर बोभाटा होईल म्हणून पहिल्या गोळीपासून ती गॅससमोर उभी राहून, मध्येच ओट्याला टेकून, सूर्यास्तापूर्वी आम्हा चौघांची पाने वाढत होती. मी ते रोज पाहत होतो आणि जेवत होतो.

त्या सकाळी व्ही केअर फाउंडेशनच्या एक स्वयंसेविका तिच्याजवळ येऊन बसल्या. स्वतः कर्करोगातून उठलेल्या वंदना गुप्ता यांनी ही संस्था १९९४ साली सुरू केली. स्वयंसेविका तिच्याशी पाऊण तास बोलत होत्या. काय बोलल्या, ते सौ.ने मला सांगितले नाही. गाडीत मात्र म्हणाली, "अहो, आजार माझा आहे. तुम्ही तो चोरीच्या मालासारखा का ठेवलात?"

तरी मला आणखी दोन महिने लागले. फाल्गुनातल्या एका रविवारी स्थानकात सामायिकानंतर मी उभा राहिलो आणि सांगून टाकले.

सारे गोड झाले नाही. जालन्याकडून पुन्हा निरोप आला नाही. एकाने पूर्वकर्माचा उल्लेख केला, अनेकांनी काढे सुचवले. एका देणेकऱ्याने माझ्या अंदाजाप्रमाणे हप्ता लांबवला. पण सोमवारी दुपारी साडेचारला दारात पहिला डबा आला आणि त्यानंतर मंडळाच्या बायकांनी वार वाटून घेतले. समोरच्या अडतीचे मालक (तीस वर्षे आम्ही एकमेकांचे गिऱ्हाईक ओढत आलो) नागपूरच्या दिवशी आमच्या गादीवर येऊन बसू लागले. ज्यांची पत्नी याच रोगाने गेली असे दारव्ह्याचे एक गृहस्थ भेटायला आले. त्यांनी धीर वगैरे दिला नाही. फाइल तारखेनुसार लावून दिली, डॉक्टरांना विचारायचे प्रश्न आधी लिहून न्यायला सांगितले आणि धाप लागली की तोंडाजवळ छोटा पंखा धरावा, हे दाखवले. पंख्याने खरोखर आराम पडतो.

अडचण रात्रीची राहिली. गोळी नवकारसीनंतर घेता येत होती, पण दुखण्याचे औषध रात्रीही लागे आणि तिचा चौविहार. ती तळमळत राही, पाणी घेत नसे. या चातुर्मासात महासतीजींपुढे तिनेच हे मांडले. त्यांनी विचारले, पच्चक्खाणातील आगार ठाऊक आहेत ना? समाधी टिकावी म्हणून औषधाची सूट त्यातच आहे. आयुष्यभर म्हटलेल्या पाठाकडे आम्ही दोघांनीही त्या अर्थाने पाहिले नव्हते. आता रात्री दहाला मी पाणी आणि औषध नेऊन देतो. कधी घेते, कधी "आज राहू द्या" म्हणते. मी ग्लास झाकून ठेवतो.

या वर्षी अठाई नाही. एक बियासणा झाला. पोळी मी लाटायला शिकलो आहे. गोल होत नाही.

पुढचा स्कॅन दिवाळीआधी आहे. समोरच्या अडतीवाल्यांनी तो दिवस विचारून आपल्या भिंतीवरच्या पंचांगावर लिहून ठेवला आहे.