लपवणे आणि जपणे

पावसाळ्यात आमच्या गावी वीज गेली की दोन-दोन तास येत नसे. अशा वेळी आम्ही भावंडे दादीच्या खाटेभोवती जमायचो. दादी रोज फजरनंतर कुरआन वाचायची, मराठी अक्षर मात्र तिला लागत नसे. तरी गोष्टी तिच्याकडे इतक्या होत्या की पावसाळा संपे, पण गोष्टी संपत नसत.

तिची एक खोड होती. अलीबाबाचा भाऊ कासिम गुहेत अडकला आहे, दार उघडण्याचा शब्द विसरून भलत्याच धान्यांची नावे घेतो आहे आणि बाहेर चोरांच्या घोड्यांच्या टापा वाजू लागल्या आहेत, नेमकी तिथेच ती थांबायची. म्हणायची, "बाकी की कल. अब सो जाओ."

एकदा मी चिडून म्हणाले, "दादी, तू पुढचं आमच्यापासून लपवतेस."

ती हसली. म्हणाली, "लपवत नाही गं बेटा, तुमच्यासाठी जपून ठेवते."

लपवणे आणि जपणे यांतला फरक मला तेव्हा कळला नाही. तो कळायला घरात एक रिश्ता यावा लागला.

लहानपणी वाटायचे, गोष्टीत काही लपवायचे ते ऐकणाऱ्यापासून. पुढे ध्यानात आले की चांगल्या गोष्टीत बहुधा उलटे असते. तेलाच्या रांजणांत चोर दबा धरून बसले आहेत, हे आपल्याला ठाऊक असते, अलीबाबाला नसते. म्हणून तर जीव टांगणीला लागतो. सांगणारा आपल्याला विश्वासात घेतो आणि मग आपल्याला काही करता येत नाही, नुसते ऐकत बसावे लागते.

त्याच गोष्टीतला दादीचा आवडता प्रसंग मिठाचा. चोरांचा सरदार व्यापाऱ्याचे सोंग घेऊन अलीबाबाच्या घरी जेवायला येतो. नाव बदलले आहे, पोशाख बदलला आहे, कपड्यांत खंजीर दडवला आहे. पण एक अट घालतो, जेवणात मीठ नको. ज्याचे मीठ खाल्ले त्याचा जीव कसा घ्यायचा? मर्जिना तिथेच चमकते. हा कोण पाहुणा, ज्याला आमचे मीठ चालत नाही? ती पुढे होऊन निरखून पाहते आणि त्याला ओळखते. दादी म्हणायची, "बघा, चोराने सगळं लपवलं, पण मिठाची शरम त्याला लपवता आली नाही."

या गोष्टीमागेही एक माणूस लपला होता, हे मला फार उशिरा वाचायला मिळाले. 'अलिफ लैला'च्या जुन्या अरबी हस्तलिखितांत अलीबाबा नाहीच. हलब शहरातला हन्ना दियाब नावाचा एक तरुण पॅरिसला गेला होता. 1709 मध्ये त्याने ही गोष्ट आंत्वान गालां या फ्रेंच भाषांतरकाराला तोंडी सांगितली. गालांनी आपल्या रोजनिशीत त्याची नोंद केली, छापील पुस्तकात मात्र त्याचे नाव घातले नाही. जगभरच्या मुलांनी अलीबाबा ऐकला, सांगणारा अंधारातच राहिला. पुढे दियाब यांनी स्वतः लिहिलेल्या प्रवासाच्या आठवणी व्हॅटिकनच्या ग्रंथालयात मिळाल्या, तेव्हा कुठे त्यांची नीट ओळख झाली.

हजरत यूसुफ (अ.) यांचा किस्सा ही कल्पित कथा नव्हे. तो अल्लाहचा कलाम आहे आणि खुद्द कुरआनने त्याला उत्तम किस्सा म्हटले आहे. तरी लपवण्याविषयी त्याच्याइतके मला कोणी शिकवले नाही. 111 आयतींच्या या सूरहमध्ये आरंभीच स्वप्न येते आणि पिता हजरत याकूब (अ.) बजावतात की हे भावांना सांगू नकोस. पुढे भाऊ आपले कृत्य लपवायला कुर्त्याला खोटे रक्त लावतात. मुफस्सिरांनी लिहिले आहे की त्यांनी रक्त लावले, पण कुर्ता फाडायचे विसरले. लांडग्याने माणूस खाल्ला आणि कुर्ता शाबूत! याकूब (अ.) यांनी ओळखायचे ते ओळखले.

वर्षांनी तेच भाऊ धान्यासाठी मिसरला येतात. यूसुफ (अ.) त्यांना ओळखतात, ते यूसुफना ओळखत नाहीत. त्यांच्यासमोरच भाऊ त्यांच्यावर चोरीचा आळ घेतात, तरी ते मनातले मनात ठेवतात. हातात सत्ता होती, सूड सहज घेता आला असता. पण जेव्हा ते स्वतःची ओळख उघड करतात, तेव्हा त्याच क्षणी माफीही देऊन टाकतात. भावांनी लपवले ते स्वतःला वाचवण्यासाठी. यूसुफ (अ.) यांनी राखून ठेवले ते योग्य वेळी स्वतःच्या हाताने उघडण्यासाठी.

आता रिश्त्याची गोष्ट.

माझ्या धाकट्या बहिणीला शाळेत असल्यापासून फिट येत. औषधाने आराम पडला होता, दोन वर्षांत एकदाही फिट आली नव्हती, पण गोळी रोजची होती. चांगल्या घरचा रिश्ता आला. बायोडाटा मी लिहिला. शिक्षण, उंची, शिवणकामाची आवड, सगळे लिहिले, आजार लिहिला नाही. पाहुणे यायच्या दिवशी खिडकीतली गोळ्यांची डबी उचलून मीच पिठाच्या डब्यामागे ठेवली. अम्मी म्हणाली, "निकाह झाल्यावर सांगू. मुलीची जात आहे." मलाही ते पटले होते. आपण आपल्या बहिणीचा ऐबच झाकतो आहोत, आणि ऐब झाकणे तर सवाबाचे काम, असे मी स्वतःला समजावले होते.

पाहुण्यांना मुलगी पसंत पडली. रात्री दादी म्हणाली, "डबी कुणी हलवली?"

मी सांगितले. ती रागावली नाही. म्हणाली, "तुम्ही कुर्त्याला रक्त लावलंत, आता फाडायचं काय काय राहिलं ते बघा." मग बहिणीकडे वळून तिने विचारले, "तुला काय वाटतं गं?" तोवर हे तिला कोणी विचारलेच नव्हते.

बहीण म्हणाली, "आज पिठाच्या डब्यामागे ठेवली. तिथे गेल्यावर रोज कुठे ठेवू?"

कोणाला उत्तर देता आले नाही. दुसऱ्या दिवशी अब्बा स्वतः त्या घरी जाऊन सगळे सांगून आले. चार दिवसांनी नम्र शब्दांत नकार आला. गोष्ट मोहल्ल्यात पसरली. जिला काही देणे-घेणे नव्हते अशा एका बाईने ती दारोदार नेली. अम्मी कित्येक दिवस दादीशी धड बोलली नाही. मलाही वाटायचे, दादीने एका वाक्याने पोरीचे घर मोडले.

त्या काळात मी पुन्हा वाचायला बसले. दुसऱ्याचा दोष झाकणाऱ्याचे दोष अल्लाह झाकेल, ही हदीस मला पाठ होती. पण दुसरीही हदीस आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला, तर आतले धान्य ओले लागले, आणि त्यांनी त्या विक्रेत्याला खडसावले. बहीण काही विकायचे धान्य नव्हे. तो ढीग आमच्या शब्दांचा होता, आणि वरचे कोरडे दाणे मी रचले होते. हजरत फातिमा बिन्ते कैस (रजि.) यांनी आलेल्या रिश्त्यांविषयी सल्ला विचारला, तेव्हा प्रेषितांनी एकाची गरिबी आणि दुसऱ्याचा कडक स्वभाव स्पष्ट सांगितला होता. म्हणजे ज्या बाईने मोहल्लाभर सांगितले तिने झाकायला हवे होते, आणि आम्ही सांगायला हवे होते. दोघांनीही उलटेच केले.

गोष्ट सांगणारा आज जे राखून ठेवतो ते उद्या आपल्यालाच देतो. ती अमानत असते. मी जे राखले होते ते देण्याची माझी तयारीच नव्हती. "नंतर सांगू" यातले नंतर कधी यायचे, हे आमच्यापैकी कोणीच ठरवले नव्हते.

दोन वर्षांनी दुसरा रिश्ता आला. पहिल्याच भेटीत बहिणीने होणाऱ्या सासूला स्वतः सांगितले. त्या थोडा वेळ गप्प बसल्या, मग डॉक्टरांचे कागद मागून घेतले आणि आठ दिवसांनी होकार कळवला. निकाह पाहायला दादी राहिली नव्हती. अम्मीने त्या दिवशी तिची आठवण काढली आणि बराच वेळ रडली.

आता बहिणीच्या घरी गेले की तिची डबी स्वयंपाकघरात मिठाच्या बरणीशेजारी दिसते. रात्री जेवणे झाली की सासूच हाक मारते, "सूनबाई, गोळी घेतली का?" आणि मुले तिच्यामागे लागलेली असतात, कासिमचे पुढे काय झाले ते सांग म्हणून. ती म्हणते, "बाकी की कल."